एम-१८५: गाडी न्यायलाच बंदी असलेला स्टेट हायवे

मिशिगन म्हटलं की डेट्रॉइट आणि डेट्रॉइट म्हटलं की फोर्ड, जनरल मोटर्स, क्रायस्लर. मॉडेल टी निघाली ती १९०८ ला ह्याच राज्यात, पुढच्याच वर्षी डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर मैलभर काँक्रीटचा रस्ता टाकला, आणि १९११ ला तिथल्याच वेन काउंटीत रस्त्याच्या मधोमध रेघ मारून येणारे-जाणारे वेगळे करायची आयडिया प्रत्यक्षात आली. थोडक्यात काय, अमेरिकेला गाडीचं वेड लावलं ते ह्या राज्याने. आणि ह्याच राज्याच्या स्टेट हायवेच्या यादीत एम-१८५ नावाचा एक रस्ता आहे, लांबी ८.००४ मैल म्हणजे १२.८८१ किलोमीटर, आणि त्याच्यावर मोटारगाडी चालवायला बंदी. तात्पुरती नाही, संडेपुरती नाही, कायमची! सायकल चालते, घोडा चालतो, घोडागाडी चालते, पायी तर काय कोणीही फिरा. मिशिगनचं ट्रान्सपोर्टेशन डिपार्टमेंट, तिकडे सगळे एमडॉट म्हणतात, ते स्वतःच सांगतं की मोटारगाड्यांना बंदी असलेला देशातला हा एकमेव स्टेट हायवे.

ह्याच्यावर सोशल मीडियावर जे काही फिरतं ते बहुतेक 'बघा किती क्यूट' टाईपचं असतं, घोडे, फज, फुलांच्या कुंड्या वगैरे. मला त्यात फार रस नाही. मला प्रश्न पडला तो साधा होता, गाडी न्यायचीच नाही तर त्याला हायवे नंबर कशाला दिला, आणि देऊन त्या रस्त्याचं नेमकं काय भलं झालं. त्याचं सगळ्यात चांगलं उत्तर २०१९-२० मध्ये मिळालं, जेव्हा तळ्याने हा रस्ता अक्षरशः कुरतडायला घेतला. पण तिथे पोचायला आधी जागा आणि इतिहास समजून घ्यावा लागतो, त्यामुळे थोडा धीर धरा.

जागा कुठली

अमेरिकेच्या उत्तरेला जी पाच मोठी तळी आहेत, ग्रेट लेक्स, त्यातली मिशिगन आणि ह्युरॉन ही दोन जिथे एकमेकांना चिंचोळ्या पट्ट्याने जोडली जातात ती मॅकिनॉची सामुद्रधुनी. नकाशात नावं दोन असली तरी पाण्याच्या हिशोबात हे एकच तळं आहे, दोन्हीकडे पातळी सारखी, एक चढलं की दुसरं चढलंच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ह्या सामुद्रधुनीच्या ह्युरॉनकडच्या बाजूला मॅकिनॉ आयलंड, चार चौरस मैलसुद्धा नाही, चुनखडीचा उंच डोंगरच पाण्यातून वर आल्यासारखा. बेटाचा जवळजवळ ८० टक्के भाग स्टेट पार्क. वर्षभर राहणारी माणसं २०२० च्या जनगणनेत ५८३. उन्हाळ्यात मात्र रोज हजारोंनी लोक येतात आणि माणसांच्या जोडीला काही शे घोडे.

बेटाला पूल नाही. दक्षिणेकडून मॅकिनॉ सिटी आणि पश्चिमेकडून सेंट इग्नेस, दोन्हीकडून पॅसेंजर फेरी येते, गाडी मेनलँडवर पार्क करून यायचं. म्हणजे एम-१८५ हा राज्याच्या बाकी कुठल्याही हायवेला जोडलेला नाही. कुठून कुठे जातो विचाराल तर जिथून निघतो तिथेच येतो, बेटाला पूर्ण एक चक्कर. मिशिगनमध्ये स्टेट हायवेचं चिन्ह म्हणजे टोकावर उभा केलेला पांढरा चौकोन, वर छोटा एम आणि खाली आकडा, तसल्या चिन्हाच्या मैलांच्या पाट्या ह्या रस्त्यालाही आहेत आणि सायकलवाले त्या पाट्यांजवळ थांबून फोटो काढतात.

माथेरान डोक्यात येणारच, येऊ दे. पण दस्तुरीच्या पुढच्या लाल मातीच्या वाटेला कोणी राज्य महामार्ग क्रमांक अमुक म्हणत नाही, आणि इथल्या केसची सगळी गंमत त्या आकड्यातच आहे.

रस्ता कसा जातो

गावात ह्याचं नाव मेन स्ट्रीट, गाव संपलं की लेक शोअर रोड. फेरीतून उतरलं की समोर हाच. दोन्हीकडे दुकानं, हॉटेलं, सायकल भाड्याने देणारे, आणि मधून घोडागाड्यांची ये-जा. बेटावर ट्रक नाहीत तर हॉटेलचं सामान, कुरिअरची खोकी, कचरा, सगळं घोड्याच्या सपाट गाडीवर लादून जातं, तिकडे त्याला ड्रे म्हणतात. दोन धिप्पाड घोडे, मागे पत्र्याच्या बॅरलपासून फ्रिजच्या खोक्यापर्यंत काहीही, आणि ड्रायव्हर उंच सीटवर लगाम धरून. अशी एक गाडी मालाला उभी राहिली की मागच्या सगळ्या सायकली लायनीत. घोडा म्हटलं की लीद आली, ती उचलायला माणसं फिरत असतात तरी वास यायचा तो येतोच, पोस्टकार्डात तेवढा येत नाही.

पूर्वेकडे निघालं की मार्क्वेट पार्क लागतं आणि त्याच्या वर कड्यावर फोर्ट मॅकिनॉ, पांढऱ्या भिंती. ब्रिटिशांनी अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात, १७८० च्या सुमारास, मेनलँडवरचा आपला किल्ला इथे हलवला कारण उंचावरून दोन्ही तळ्यांमधल्या वाहतुकीवर नजर ठेवता येते. पुढे मिशन पॉइंट, आणि तिथून गाव संपतं. आता डावीकडे झाडी आणि कडा, उजवीकडे पाणी, मध्ये अरुंद डांबरी पट्टी. पाणी म्हणजे अगदी हाताशी, काही ठिकाणी डांबराची कड आणि गोटे ह्यांच्यात चार पावलांचंही अंतर नाही. पाणी इतकं स्वच्छ की तळाचे दगड मोजावेत.

थोडं पुढे डोक्यावर आर्च रॉक. पाण्यापासून १४६ फुटांवर चुनखडीची नैसर्गिक कमान, रस्त्यापासून दोनशेच्या वर पायऱ्या चढून जाता येतं. ही कमान कोणी केली तर ह्याच तळ्याने. हिमयुग संपल्यावर तळ्याची पातळी आजच्यापेक्षा बरीच वर होती, तेव्हाच्या लाटांनी मऊ खडक खाल्ला आणि कडक राहिला. नंतर पाणी उतरत उतरत गेलं आणि प्रत्येक टप्प्यावर एक पायरी सोडून गेलं. एम-१८५ ज्या सपाट पट्टीवरून जातो ती पट्टी म्हणजे तळ्याचाच जुना किनारा आहे. रस्ता बांधणाऱ्यांना फुकट सपाट जागा मिळाली खरी, पण मालक कोण हे तिथेच लिहिलेलं आहे.

उत्तर टोकाला वळसा घालून वायव्येला ब्रिटिश लँडिंग. १८१२ च्या युद्धात १७ जुलैच्या पहाटे ब्रिटिश सैनिक, फरचे व्यापारी आणि त्यांच्या बाजूचे मूलनिवासी योद्धे इथे गुपचूप उतरले, एक तोफ ओढत जंगलातून किल्ल्याच्या मागच्या उंचवट्यावर नेली आणि सकाळी अमेरिकन अधिकाऱ्याला निरोप पाठवला. लेफ्टनंट पोर्टर हँक्स, हाताशी साठेक माणसं, युद्ध जाहीर झालंय हेही त्याला कळलेलं नव्हतं. किल्ला एकही गोळी न झाडता गेला. दोन वर्षांनी अमेरिकन सैन्य तो परत घ्यायला त्याच जागी उतरलं आणि मार खाऊन गेलं, मेजर होम्स त्यात मारला गेला, शेवटी १८१५ ला तहाप्रमाणे किल्ला परत मिळाला. आज तिथे सायकलवाले पाणी पितात.

पश्चिमेची बाजू सगळ्यात मोकळी, वारा थेट लागतो, आणि समोर मॅकिनॉ ब्रिज. मग डेव्हिल्स किचन नावाची छोटी गुहा, वर ग्रँड हॉटेल, १८८७ चं, आणि परत गाव. संपला हायवे.

बंदी आधी, रस्ता नंतर

लोकांना वाटतं आधी रस्ता होता, गाड्या फिरत होत्या आणि मग पर्यावरणवाल्यांनी बंद केल्या. उलटं आहे. बंदी रस्त्यापेक्षा जुनी आहे आणि तिचा पर्यावरणाशी काडीचा संबंध नव्हता.

१८७५ ला अमेरिकन सरकारने इथे नॅशनल पार्क केलं, यलोस्टोननंतरचं दुसरं. किल्ल्यात सैनिक होतेच, तेच पार्क सांभाळायचे. २० वर्षांनी सैन्याला किल्ला नको झाला, मग १८९५ मध्ये सगळं मिशिगन राज्याकडे आलं आणि ते राज्याचं पहिलं स्टेट पार्क झालं, सांभाळायला पार्क कमिशन नेमलं. तेव्हापासून बेटावर दोन मालक, गाव आणि कमिशन. ह्या दोन मालकांमुळे पुढे प्रत्येक गोष्ट दोनदा ठरवावी लागली.

तोपर्यंत बेट श्रीमंतांचं उन्हाळ्याचं ठिकाण झालं होतं आणि पाहुण्यांना घोडागाडीतून फिरवणं हा गावाचा मोठा धंदा होता. अशात फटफट करत, धूर सोडत बिनघोड्याच्या गाड्या येऊ लागल्या की घोडे बुजणारच, आणि बुजलेला घोडा म्हणजे उलटलेली गाडी आणि मोडलेले हातपाय. घोडागाडीवाल्यांनी गावाकडे अर्ज केला आणि ६ जुलै १८९८ ला गावाने ठराव केला की बिनघोड्याच्या गाड्या गावाच्या हद्दीत चालवायच्या नाहीत. आता सुरक्षितता हे कारण खरंच होतं, पण त्यामागे पोटाचा प्रश्नही होता हे उघड आहे, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. धंदा वाचवायला केलेले नियम बहुतेक वेळा लवकर मरतात, हा टिकला.

पण गावाची हद्द संपली की पार्क, आणि पार्कात ठराव लागू नाही. १९०० च्या सुमारास एका समर कॉटेजवाल्याने ती फट शोधून आपली गाडी फिरवली, घोडे बिथरले, गाड्या मोडल्या, माणसांना लागलं. मग १९०१ मध्ये पार्क कमिशननेही बंदी घातली आणि बेट पूर्ण बंद झालं.

आणि किनाऱ्याचा रस्ता बांधला कधी, तर त्यानंतर, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, राज्याच्या पैशाने. म्हणजे बांधतानाच माहिती होतं की ह्याच्यावर गाडी येणार नाही. त्याच वर्षांत तिकडे डेट्रॉइटमध्ये मॉडेल टी तयार होत होती. एकच राज्य, एकीकडे गाड्यांसाठी रस्ते आणि एकीकडे गाड्यांशिवाय रस्ता, आणि दोन्ही सिरियसली.

१९३३ मध्ये ह्या चकरेला राज्याच्या ट्रंकलाईनचा, म्हणजे राज्याने स्वतः सांभाळायच्या रस्त्याचा, दर्जा आणि १८५ हा नंबर मिळाला. तेव्हाचं चित्र डोळ्यासमोर आणा. राज्याच्या हायवे खात्याने १९२३ पासून सामुद्रधुनीत स्वतःची कार फेरी चालवायला घेतली होती, दर उन्हाळ्यात गाड्यांच्या रांगा लागायच्या, सगळ्या बेटाच्या नजरेसमोरून ह्या काठावरून त्या काठावर जायच्या. १९३४ मध्ये पुलासाठी प्राधिकरण झालं, पूल खरा झाला तो १ नोव्हेंबर १९५७ ला, पाच मैल लांब. गाड्या बेटाला सगळीकडून वेढून गेल्या, बेटावर एकही आली नाही.

नंबर म्हणजे नेमकं काय

हा भाग जरा रुक्ष आहे पण केसचा कणा हाच. हायवे म्हटलं की आपल्या डोक्यात वेग येतो, लेन, टोल, ढाबा. सरकारच्या कागदात हायवेचा अर्थ वेगळा, हा रस्ता कोणाच्या वहीत लिहिलेला आहे एवढाच. मिशिगनमध्ये १९५१ चा ५१ नंबरचा कायदा आहे, रस्त्यांशी संबंध येणारा प्रत्येक माणूस त्याला नुसतं अ‍ॅक्ट ५१ म्हणतो. त्यात राज्यातले सार्वजनिक रस्ते तीन वह्यांत वाटले जातात, राज्याची ट्रंकलाईन, काउंटीचे रस्ते आणि गावा-शहरांचे रस्ते, आणि पेट्रोल-डिझेलवरचा टॅक्स आणि गाड्यांच्या रजिस्ट्रेशनची फी एका फंडात जमा होऊन ठरलेल्या सूत्राने ह्या तिघांत जाते. रस्ता ट्रंकलाईन असला की तो एमडॉटचा, खड्डा पडला तर जबाबदारी एमडॉटची.

म्हणजे बघा, ज्या रस्त्यावर इंजिन चालत नाही तो रस्ता इंजिनवाल्यांच्या टॅक्सवर उभा आहे. कोणाला हे अन्यायाचं वाटेल. मला वाटत नाही, कारण इथे येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा मेनलँडपर्यंत गाडीनेच येतो, पेट्रोलवरचा टॅक्स भरतो, मग गाडी लावून फेरीत बसतो. त्याने भरलेल्या पैशातला बारीकसा भाग त्याच्या सायकलच्या चाकाखाली आला तर बिघडलं कुठे.

दुसरी बाजूही आहे. १८५ हा काही मिशिगनमधला एकटा चिमुकला हायवे नाही. मॅकिनॉ सिटीपासून जवळच, चेबॉयगन काउंटीत, एम-२१२ आहे, पाऊण मैलापेक्षाही कमी, अलोहा स्टेट पार्कपर्यंत पोचवतो आणि संपतो. म्हणजे स्टेट पार्कपर्यंतचा रस्ता राज्याने आपल्याकडे ठेवायचा ही पद्धत तिथे आहेच, एम-१८५ त्यातलाच पण टोकाचा नमुना. पाचशे-सहाशे वस्तीच्या गावाला पाण्याच्या काठावरचे आठ मैल डांबर स्वतःच्या खिशातून सांभाळणं झेपलं असतं का, हा खरा प्रश्न. मला तरी शक्य वाटत नाही.

अपवादांची यादी

बंदी म्हणजे शंभर टक्के बंदी कधीच नसते. अँब्युलन्स, फायर ट्रक आणि पोलिसांच्या गाड्या आहेत, घर पेटलं तर घोड्याची वाट कोण बघणार. बांधकामाला लागणाऱ्या मोठ्या यंत्रांना तात्पुरते परवाने मिळतात. हिवाळ्यात स्नोमोबाईल चालते, आणि कडक थंडी पडली तर बेट आणि सेंट इग्नेसमधलं पाणी गोठतं, मग लोक बर्फावरून ये-जा करतात आणि वाट चुकू नये म्हणून वापरून झालेली ख्रिसमस ट्री त्या बर्फात ओळीने रोवतात. हा रस्ता कुठल्याच नकाशावर नाही, कुठल्याच वहीत नाही.

अपघातांचंही एक. २००५ पर्यंत ह्या हायवेवर मोटारगाडीच्या अपघाताची एकही नोंद नव्हती. त्या वर्षी जुलैत झाला, आणि कोणाकोणात झाला तर बेटाचा फायर ट्रक बेटाच्याच अँब्युलन्सला लागला. ज्या दोघांना परवानगी होती तेच दोघे!

व्हीआयपींचं प्रकरण जास्त तापलं. राष्ट्राध्यक्ष फोर्ड १९७५ ला आले तेव्हा ते घोडागाडीतून फिरले, राष्ट्राध्यक्ष असताना. सप्टेंबर २०१९ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष माईक पेन्स पक्षाच्या कॉन्फरन्सला आले तेव्हा सिक्युरिटीसाठी आठ गाड्यांचा ताफा बेटावर आणला गेला आणि राज्यभर बोंब झाली. बेटावर मोटारगाड्यांचा ताफा ही पहिलीच वेळ होती. सिक्युरिटीची गरज १९७५ आणि २०१९ मध्ये सारखी नाही हे मान्य, पण १२१ वर्षं सांभाळलेल्या नियमाला एका दुपारी बाजूला करताना लोकांना टोचणार नाही असं कसं होईल.

आणि ह्या सगळ्यापेक्षा अवघड अपवाद म्हणजे ई-बाईक, कारण ती दिसते सायकलसारखी. २०१७ ला मिशिगनने ई-बाईकचा कायदा केला त्यात ह्या बेटाला वेगळं काढलं. इथे सरसकट परवानगी नाही, चालता-फिरताना अडचण असलेल्या माणसाला साधी, पॅडल मारल्यावरच मदत करणारी ई-बाईक चालते. नियम लिहिणं सोपं, पण फेरीतून उतरणाऱ्या कोणाला खरंच गरज आहे आणि कोणाला फक्त दम लागू नये असं वाटतंय हे धक्क्यावर उभं राहून कोण ठरवणार. माझ्या मते १८९८ च्या ठरावाला गेल्या शंभर वर्षांत आलेलं सगळ्यात कठीण आव्हान हेच आहे, त्या आठ गाड्या आल्या आणि गेल्या.

तळं वर येतं तेव्हा

आता मूळ मुद्दा. जानेवारी २०१३ मध्ये मिशिगन-ह्युरॉनची पातळी १९१८ पासूनच्या नोंदींमधली सगळ्यात खाली होती. लोक काळजीत, बोटी धक्क्याला लागेनात, तळं आटतंय म्हणून बातम्या. त्यानंतर २०१३-१४ चा भयानक थंड हिवाळा आला, तळी बर्फाने झाकली गेली, बाष्पीभवन कमी झालं, पाठोपाठ पावसा-बर्फाची ओली वर्षं, आणि पाणी चढतच गेलं. २०२० मध्ये जानेवारी ते ऑगस्ट प्रत्येक महिन्याने त्या त्या महिन्याचा जुना विक्रम मोडला. ऑक्टोबर १९८६ चा जो सर्वोच्च आकडा आहे तो तेवढा थोडक्यात वाचला. सात-साडेसात वर्षांत नीचांकापासून उच्चांकाच्या तोंडापर्यंत, साधारण सहा फूट. एवढ्या मोठ्या तळ्याला सहा फूट म्हणजे किती पाणी ह्याचा विचारच न केलेला बरा.

मग कोणीतरी दरवाजे उघडून पाणी सोडायचं ना? इथेच गोची आहे. सुपीरियर तळ्याचं पाणी सू सेंट मरीला नियंत्रित करता येतं, खालच्या ऑन्टारिओचं धरणातून करता येतं, पण मधल्या मिशिगन-ह्युरॉनच्या तोंडाला दरवाजाच नाही, ते सेंट क्लेअर नदीतून जसं वाहील तसं वाहतं. वाट बघणे हा एकच उपाय.

पाणी नुसतं चढलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. शांत दिवशी रस्ता पाण्याच्या थोडा वरच राहतो. नुकसान होतं वाऱ्याच्या दिवशी. चढलेल्या पाण्यावर लाटा आल्या की त्या गोट्यांवर न फुटता थेट डांबराच्या कडेवर फुटतात. प्रकार असा होतो, लाट आधी कडेखालची माती-खडी चोरते, वरून रस्ता ठणठणीत दिसतो, मग आतून पोकळ झालेली कड आपल्याच वजनाने तुटते, बिस्किट मोडतं तशी नाही, डांबराचे पापुद्रे लोंबकळत राहतात आणि पुढच्या लाटेला जातात. वरून लाटाच गोटे उचलून रस्त्यावर फेकतात. सायकलवाल्याला हे गाडीवाल्यापेक्षा जास्त धोक्याचं, कारण गाडीचं चाक दोन इंचाची कड गिळतं, सायकलचं पुढचं चाक त्यात अडकलं की माणूस हँडलवरून थेट पाण्यात किंवा दगडात. आणि घोडागाडी, तिचा घोडा पोकळ जमिनीवर पाय टाकायला तयार होत नाही ते बरंच म्हणायचं. रस्त्याचे काही भाग बंद करावे लागले. बेटाची चक्कर, जिच्यासाठी निम्मे लोक येतात, तुटली.

आता पर्याय बघा. रस्ता आत सरकवायचा तर लगेच कडा आहे, आणि कडा म्हणजे स्टेट पार्क, ती तोडायचा विषय कोणी काढणार नाही. उंच करायचा तर आठ मैल भराव, आणि रुंदी आधीच तुटपुंजी, भरावाचा उतार पाण्यात जाणार. समुद्राला बांधतात तशी काँक्रीटची भिंत घातली तर लाट खाली खणत राहते आणि रस्त्याची सगळी मजा, पाण्याला लागून जाण्याची, ती जाते. उरला तो जुनाच उपाय, कडेला मोठमोठे दगड रचून लाटेची ताकद तिथे जिरवायची आणि मागे रस्ता परत बांधायचा. इंजिनिअर ह्याला रिप-रॅप म्हणतात. एमडॉटने हीच वाट धरली, दगड आणि नवीन डांबर.

हे लिहायला सोपं. प्रत्यक्षात पूल नाही, म्हणजे दगड, डांबर, खोदायची यंत्रं, रोलर, सगळं बार्जवर चढवून पाण्यातून न्यायचं. मेनलँडवर जे काम खाणीतून डंपर भरला आणि ओतला असं होतं, तिथे इथे प्रत्येक खेप दोनदा भरायची आणि दोनदा उतरवायची. बेटाचा सीझन मे ते ऑक्टोबर, पर्यटक आणि घोडे तेव्हाच, म्हणजे यंत्रांना फिरायला उरतो शरदाचा शेवट आणि थंडीची सुरुवात, नेमका वादळी लाटांचा काळ. आणि मोटारबंदी असलेल्या रस्त्यावर यंत्रं चालवायची म्हणून परवाने वेगळे. हायवे दुरुस्त करायला हायवेवर गाडी आणायची परवानगी मागायची, असलं दृश्य दुसरीकडे बघायला मिळणार नाही.

ह्या सगळ्यात १९३३ चा तो नंबर कामाला आला. रस्ता गावाच्या वहीत असता तर ५८३ माणसांच्या गावाने आधी पैसे मागायला दारोदार फिरायला हवं होतं, पार्क कमिशनने म्हटलं असतं गावाचा भाग गावाने बघावा, गावाने म्हटलं असतं पाहुणे पार्कात जातात, आणि तळं तोवर थांबलं नसतं. ट्रंकलाईन असल्यामुळे हा वादच उभा राहिला नाही, काम कोणाचं हे ८७ वर्षं आधी ठरलेलं होतं. माझ्या मते गाडी नसलेल्या रस्त्याला हायवे म्हणण्यात विनोद फक्त वरवरचा आहे.

कच्चा दुवा अर्थात आहेच. २०२० नंतर पाणी उतरलं, पण ते पुन्हा चढणार, १९८६ ला चढलं होतं, २०२० ला चढलं. दगडांचा बांध सध्याच्या पातळीच्या हिशोबात चांगला असला तरी लाटा दगडही हलवतात, दर काही वर्षांनी ते परत रचावे लागतात. देखभालीचा खर्च कायमचा मागे लागलाय असं समजायचं, आणि त्याला पैसा पेट्रोलच्या टॅक्समधून येतो. गाड्या विजेवर जायला लागल्या की तो टॅक्स आटणार. ही चिंता देशातल्या सगळ्याच रस्त्यांना आहे, पण एम-१८५ साठी तिला एक वेगळीच धार आहे, कारण इतर हायवेवर निदान इलेक्ट्रिक गाडीकडून वेगळी फी घ्यायची तर ती त्याच रस्त्यावर फिरते असं म्हणता येतं. इथे फी घ्यायची तर कोणाकडून, घोड्याकडून?

कोणी त्या बाजूला जाणार असेल तर दोनच गोष्टी. भर सीझनमध्ये सकाळच्या पहिल्या फेरीने जा, अकरानंतर मेन स्ट्रीटवर सायकल चालवणं म्हणजे गर्दीत हँडल धरून चालणंच असतं, आणि घोडागाडीला ओव्हरटेक करताना घंटी वाजवू नका, तोंडाने सांगा. पाणी-बाथरूमसाठी ब्रिटिश लँडिंगला थांबता येतं, साधारण अर्ध्यावर आहे ते. पूर्वेकडून सुरू केलंत तर पूल शेवटच्या टप्प्यात समोर येतो, पश्चिमेकडून केलंत तर तो आधी दिसून मागे पडतो, मला पहिलं बरं वाटतं.